हलकं वळण

वडील गेल्यापासून त्यांची गाडी चौकात आपोआप हॉस्पिटलकडे ओढ घ्यायची. आईला घेऊन बाहेर पडायची लेकीला धास्तीच बसली. शेवटी तिने पॉवर स्टिअरिंग काढून साधं, हाताच्या जोरावर फिरणारं बसवून घेतलं.

"उतरली हिची मिजास, ताई," मेकॅनिक म्हणाला. "पंपच काढला, आता स्वतःहून वळतेय कशाला? तुमचे दंड मात्र भरून येतील."

खरंच, गल्लीतून वळतानाच तिला घाम फुटला. शेजारी आई बसली होती.

चौकात स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं आणि तिच्या आवळलेल्या मुठींसकट हॉस्पिटलच्या रस्त्याला वळलं.

"बरं झालं, इकडे घेतलीस," आई म्हणाली. "सकाळपासून छातीत दुखतंय. फक्त ह्यांच्याच कानावर घातलं होतं."