चिठ्ठीत नसलेलं

यंत्रानं मनाचा तळ तपासून चिठ्ठी छापली : ‘वय चार. धाकटा भाऊ विहिरीत बुडाला. म्हणून पाण्याची भीती.’

“हे तिसरं यंत्र. सगळी हेच सांगतात,” प्रणिताबाई वैतागल्या. “तरी नातीला न्हाऊ घालायला पायांवर घेतलं, की तांब्या हातात थिजतो. सून आता बाहेरची बाई लावतेय.”

म्हाताऱ्या डॉक्टर वैजयंतीबाईंनी यंत्र बंद केलं, अडगळीतला कोच झटकला आणि उशाशी खुर्ची ओढली. त्यांच्या तरुणपणी मनाचे डॉक्टर नुसते ऐकत बसत.

“आडव्या व्हा. मनात येईल ते बोला.”

“मनात काय मेलं येणार?” म्हणत प्रणिताबाई तासभर बोलल्या, आईच्या लुगड्याबद्दल, शेवयांबद्दल. मग अडखळल्या.

“आई सारखं त्यालाच घ्यायची. त्या सकाळी मी त्याला म्हटलं, मर मेल्या.”

हे चिठ्ठीत नव्हतं.

“चार वर्षांच्या पोरीच्या रागानं कुणी बुडत नाही, बाई.”

प्रणिताबाई पोटभर रडल्या.

रविवारी सुनेनं डॉक्टरांना फोन लावून न्हाणीघरात धरला. पाण्याचा आवाज, बाळाचं भोकाड आणि वर प्रणिताबाई :

“लाथा झाडतेय हो मला! रागाव गं, खुशाल रागाव. आजीला काही होत नाही.”