कथेपुरती पेटी

"पेटी बेसूर झाली की तुम्ही आधी काय बघता?" मिरजेतल्या वाद्यांच्या दुकानात बसून वामनकाकांनी वही उघडली.

दस्तगीर पितळेची पट्टी कानशीनं घासत होता. "काका, तुमच्या गोष्टीत पेटी किती वेळा येते?"

"एकदाच. शेवटच्या परिच्छेदात."

"आणि त्यासाठी तुम्ही अकरा दिवस येताय. एवढ्यात नवशिक्यानंही पेटी बांधली असती. आता माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नाही. घरी जाऊन लिहून टाका."

वामनकाका ओशाळून उठले.

घरी त्यांनी कागद काढले. पत्नी गेल्यापासून दुपारभर या घरात कुणी बोलत नसे. शेवटचा परिच्छेद लिहायला अर्धा तास पुरला असता. मग दुकानात जायला कारणच उरलं नसतं. त्यांनी बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं. शेवटी कथेच्या आराखड्यातला ‘पेटी’ शब्द खोडला आणि वर ‘सतार’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर घुटमळले. "गोष्टीत जरा बदल केलाय. नायिकेकडं आता सतार आहे."

दस्तगीरनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि बाकावरची पेटी उचलून जागा केली. "बसा. भोपळ्यापासून सुरू करू. महिनाभर पुरेल."