डॅशबोर्डवरचे हात

आमच्या काउंटीच्या कॉलेजात माझी नात शनीस फौजदारी न्याय शिकते. पोलीस व्हायचंय बाईसाहेबांना. उद्या परीक्षेत गाडी अडवून दाखवायची म्हणून तिने मला अंगणातल्या जुन्या ब्यूकमध्ये बसवलं आणि काचेवर टकटक केली. "लायसन्स दाखवा, मॅडम." आम्हा काळ्यांना लहानपणापासून शिकवतात तसे मी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले. "पर्स मागच्या सीटवर आहे, साहेब. घेऊ का?" ती हसली. "अगं आजी, मीच आहे. घे की." "तुझ्या मामाला अडवणारा शिपाई त्याच्याच वर्गातला होता," मी म्हटलं. "माझ्या हातचा गरम कॉर्नब्रेड खाऊन वाढलेला. तुझा मामाही हसला, 'अरे, मीच आहे' म्हणाला आणि पाकिटासाठी खिशात हात घातला. गोळीने ओळख दाखवली नाही." मग मी पर्सकडे हात नेला. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे पोरीचा हात कमरेकडे गेला. तिथे अजून पिस्तूल नव्हतं.