डावीकडून पहिलं अक्षर

तिने तोच शब्द तिसऱ्यांदा टाइप केला आणि मशीनने तिसऱ्यांदाही त्याचं पहिलं अक्षर खाल्लं. ‘अ. अयोग्य’ आत गेलं की बाहेर येत होतं नुसतं ‘योग्य’.

बसचालकांच्या तपासणीचे दाखले छापणारा हा प्रोग्रॅम तिनेच दोन महिन्यांपूर्वी एका जुन्या संगणक-भाषेतून नव्या भाषेत आणला होता. तपासणीचे विभाग तीन. ‘अ’ म्हणजे नजर, ‘ब’ म्हणजे कान, ‘क’ म्हणजे हृदय. छापण्याआधी निकालापुढचं विभागाचं अक्षर, टिंबासकट, काढून टाकायचं, एवढंच काम. जुन्या भाषेतली आज्ञा मुकाट तेवढंच काढायची. नव्या भाषेतली, अगदी त्याच नावाची, भलतीच खादाड निघाली. तिला ‘अ’ आणि टिंब काढ म्हटलं की डावीकडून ओळीने लागतील तेवढे ‘अ’, टिंबं आणि मोकळ्या जागा ती फस्त करायची; ‘अयोग्य’चा ‘अ’सुद्धा. ‘ब’ आणि ‘क’चे निकाल मात्र बरोबर छापले जात होते, म्हणून इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. आज एका कारकुनाने कळवलं, की डॉक्टरांच्या वहीशी एक दाखला जुळत नाही.

तिने सगळी यादी तपासली. नजर अधू असूनही ‘योग्य’ ठरलेले चार चालक निघाले. तिसरं नाव तिच्या बाबांचं होतं. आणि या घडीला बाबा गाडीवर होते.

त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दाखला घरी आला तेव्हा आईने सुटकेचा निःश्वास टाकला होता. बाबांनी मात्र लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता ते आत निघून गेले. त्यांना आनंदच झाला असेल, असं तिला वाटलं होतं.

तिने डेपोत फोन लावून चारही गाड्या थांबवायला सांगितल्या. नियंत्रक उखडला.

“अहो ताई, कुणाच्या हुकमाने? गाड्या भरलेल्या आहेत.”

“प्रोग्रॅम मी लिहिलाय. चूक माझी आहे. आधी थांबवा, मग माझ्यावर काय ती कारवाई करा.”

बाबांची गाडी तिच्या ऑफिसपासून तीन थांबे पुढे उभी केली होती. ती धावतच गेली. उतारू घड्याळं बघत करवादत होते. बाबा थांब्यावरच्या बाकावर बसले होते, धडधाकट. तिच्या जिवात जीव आला. मग तिला आठवलं, की त्यांची नोकरी आपण आत्ताच आपल्या हाताने घालवली आहे, आणि तिला रडू फुटलं.

“बाबा, तुमचा दाखला चुकीचा छापला गेला. नजरेत तुम्ही नापास झाला होतात.”

“माहीत आहे मला. डॉक्टरांनी तिथंच सांगितलं होतं.”

“मग गाडीवर चढलात कसे? कुणाला बोलला का नाहीत?”

तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी डोळे बारीक केले.

“बोललो असतो तर तू अडकली असतीस. मला वाटलं, तो ‘अ’ तू माझ्यासाठी खोडलास.”