सतरा नंबरचा कप्पा

शनिवारी दुपारी ती धुतलेले कपडे घ्यायला इस्त्रीच्या खोलीत गेली, तर तिच्या सतरा नंबरच्या कप्प्यातून वीतभर फ्रॉक निघाला. पिवळा, झालरीचा. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेला आकडा मात्र सतराच.

तिने तो अंगाला लावून पाहिला. बेंबीपर्यंतसुद्धा पोचेना.

"सिस्टर, उकळायचं म्हणजे किती हो? तुमच्या हंड्यात हत्ती टाकला तर उंदीर होऊन बाहेर येईल."

एरवी सिस्टर खुदकन हसल्या असत्या. बोर्डिंगातल्या तीसही मुली त्यांना पाठीमागे इस्त्रीबाई म्हणायच्या, आणि त्यांचं नाक असं, की उशीचा अभ्रा हुंगून कोणती मुलगी कोणत्या वारी रडली ते सांगतील. या पोरीच्या थापांवर त्यांचा भारी जीव. एक तरी ऐकल्याशिवाय तिचे कपडे तिच्या हातात द्यायच्या नाहीत. मागच्या शनिवारी तिने सांगितलं होतं, की तिचे बाबा ट्रक चालवता चालवता झोपतात आणि ट्रक आपला आपण घरी येऊन दारात हॉर्न वाजवतो.

आज सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"मदरनी तुला बोलावलं नाही?"

"नाही बाई. का? कोणती थाप पोचली त्यांच्यापर्यंत?"

"गणिताच्या बाई काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या ना. परीक्षेला एकोणीस दिवस राहिले, झोप कमी कर आणि बडबड त्याहून कमी कर."

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या.

बोर्डिंगात पत्र कोणत्याही वारी येवो, मदर ते आधी वाचणार आणि मुलीच्या हातात पडणार रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर. हे पत्र मंगळवारी आलं होतं. मदरनी ऑफिसात सांगितलं, ऑफिसने स्वयंपाकघरात सांगितलं, स्वयंपाकघराने इस्त्रीच्या खोलीत. नवी मुलगी ठरली, ताट ठरलं, कप्पा ठरला. जिचं पत्र, तिला तेवढं सांगायचं राहिलं. जिला तिला वाटलं, दुसरीने सांगितलं असेल.

"तुझ्या बाबांचं पत्र आलंय," सिस्टर म्हणाल्या. "तुझी मावशी लग्न होऊन गेली. धाकट्या दोघांना बघायला घरात कोणी नाही. परवा तुला न्यायला येतायत. कायमचं."

पोरीने फ्रॉकची घडी घातली. नीट बसली नाही म्हणून मोडली, परत घातली.

"परीक्षा देऊन जाते ना मग. एकोणीस दिवस तर आहेत."

"नवी आज सकाळी आली गं. खाटा तीसच."

"खाट तिला द्या. मी इथे टेबलावर झोपते. झोपेत लाथा मारत नाही मी. नंबर साडेसतरा दिलात तरी चालेल."

"मदरना विचारलं मी. त्यांनी तुझ्या बाबांना फोनही केला."

"मग?"

"ते म्हणाले, एक दिवस जास्त जमायचं नाही. पोरं शेजारणीकडे आहेत."

"मग?"

"मग मदर म्हणाल्या, प्रार्थना करा."

"केलीत?"

"तीन दिवस करतेय."

"मग?"

सिस्टरनी टेबलाखालून तिचा गठ्ठा काढला. दोन गणवेश, तीन फ्रॉक, टॉवेल, चादर. वर छोटी कात्री ठेवली. जाणाऱ्या मुलीने आपले नंबर आपणच उसवायचे, ही बोर्डिंगाची जुनी रीत. कपडे मुलीचे, नंबर बोर्डिंगाचा.

"राहू दे, मी उसवते," सिस्टर म्हणाल्या.

"द्या इकडे. वजाबाकी येते मला."

ती खिडकीशी बसून एकेक टाका कापायला लागली. तेवढ्यात दाराशी नवी मुलगी येऊन उभी राहिली. सहा वर्षांची असेल, अंगात नुसता पेटीकोट. तिला तिचा फ्रॉक हवा होता. पोरीने उठून तो तिच्या गळ्यात घातला, मागची बटणं लावली.

"ताई, इथे रात्री भूत येतं?"

"एकदा आलं होतं. पण मुली इतक्या घोरतात, की बिचाऱ्याचा डोळाच लागेना. सकाळी मदरकडे तक्रार करून गेलं, म्हणालं, मला दुसऱ्या बोर्डिंगात घाला."

छोटी हसत हसत पळाली. पोरगी परत खिडकीशी बसली.

गणवेश संपले, फ्रॉक संपले. टॉवेल, चादर. लाल दोऱ्यांचा एवढासा गोळा जमला, तो तिने फुंकर मारून उडवला. मग तिने पांढऱ्या गणवेशाची कॉलर उजेडात धरली. दोरा गेला होता, पण सुईची भोकं तशीच होती, आणि भोकाभोकांतून सतरा अगदी स्वच्छ वाचता येत होतं.

"दोन धुण्यांत भरून येतील," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, थापा मारायचं काम माझं."

सिस्टरनी गणवेश ओढून घेतला, कॉलरवर पाण्याचा हात फिरवला आणि त्या भोकांवरून इस्त्री दाबून फिरवत राहिल्या, कापड पिवळं पडायला लागलं तरी.