डालग्याखालची कोंबडी

सिस्टरने रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "दहा दिवसांच्या कॅप्सूल तिसऱ्याच दिवशी संपल्या, वेस्ताभाऊ?"

वेस्ता तापाने फणफणला होता. पोल्ट्रीतल्या बर्ड फ्लू झालेल्या कोंबड्या त्यानेच खड्ड्यात पुरल्या होत्या. त्याला लागण होऊ नये म्हणून ते औषध दिलं होतं.

"फोडून वाटीभर पाण्यात कालवल्या," तो धापा टाकत म्हणाला. "पोल्ट्रीत औषध तसंच देतो आम्ही."

त्याच्या बायकोने कोपऱ्यातलं डालगं उचललं. घरोघरच्या कोंबड्या मारायला नेणाऱ्या तपासणीवाल्यांपासून लपवलेली घरची कोंबडी त्याखाली मरून पडली होती.

सिस्टरने पिशवीतून नवं पाकीट काढलं. "आता सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि स्वतःच घ्यायच्या, कळलं?"

मेलेल्या कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं चिवचिवली.

सिस्टर पाठमोरी होताच वेस्ता बायकोला म्हणाला, "ती वाटी आण."