घेरावाची थाळी

सकाळपासून बायका ऑफिसच्या दारात ठाण मांडून बसल्या होत्या आणि सान्याल मॅनेजर आत अडकले होते. अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती, पण हंडी अजून चढली नव्हती.

फागू उराँवची सारखी आत-बाहेर ये-जा चालली होती. चहाबागेतल्या युनियनचा तो नेता. दर खेपेला बाहेर येऊन तो मूठ वर करायचा. बायका मात्र घोषणा देत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. उन्हाने कंटाळल्या असतील, असं त्याला वाटलं.

भांडण फंडाचं होतं. मजुरीतून म्हातारपणासाठी म्हणून पैसे कापले जात, पण सरकारी फंडात ते कधी पोचलेच नव्हते. त्या बायकांतल्याच एतवारीचा नवरा सोमरा निवृत्त झाला, तेव्हा छातीच्या औषधपाण्यासाठी त्याने स्वतःचेच पैसे मागितले. सान्याल साहेब म्हणाले, मालकांना विचार. मालक कोलकात्यात. त्यांनी सरकारकडे बोट दाखवलं. फागू म्हणाला, जरा धीर धर. ही टोलवाटोलवी चालू असतानाच सोमरा खोकून खोकून मेला. माणूस मेला की जबाबदारी कशी चटकन ठरते! खड्डा घरच्यांनीच खणायचा असतो.

एतवारी सुपात तांदूळ निवडत होती. फागू तिच्याजवळ थांबला.

"काकी, जलपाईगुडीला फंडाच्या ऑफिसात गेली होतीस म्हणे. काय म्हणाले?"

एतवारीने एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हणाले, जबाबदार माणसाला धरा."

"मग धरलाय की," फागू हसला आणि आत गेला.

आत साहेबांनी सिगारेटचं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. फागूच्या घरावर पक्कं छप्पर चढलं ते गेल्या घेरावानंतर, आणि दारात मोटरसायकल आली ती त्याच्या आदल्या घेरावानंतर.

"या वेळी फार ताणतोयस," साहेब म्हणाले. "पोटात कावळे ओरडतायत. तुमची ती थाळीसुद्धा आली नाही अजून."

थाळीचा रिवाज बागेत जुना. ज्याला घेरलं त्याला उपाशी ठेवायचं नाही. शिजलेल्या भाताची पहिली थाळी त्याची, घेरणारे मागून जेवणार. उपाशी माणसाचा तळतळाट बाधतो, असं म्हातारे सांगत.

"येईल. बायका चिडल्यात, साहेब. यंदा माझंही थोडं वाढवावं लागेल."

साहेबांनी नुसती मान डोलावली. एवढ्यावरच सौदा झाला.

ऊन कलल्यावर एतवारीने हंडी चढवली. थोड्या वेळाने फागू साहेबांना घेऊनच पायरीवर आला. हात जोडून त्याने सगळ्यांना समजावलं. साहेब बिचारे पगारी माणूस, आज इथे तर उद्या तिथे, त्यांच्या हातात काय आहे? दुर्गापूजेनंतर मालकांशी बोलायचं त्यांनी कबूल केलंय. आता त्यांना घरी जाऊ द्यावं.

दर वर्षी यावर तासभर तरी शिव्याशाप चालत. आज एतवारी लगेच उठली.

"तू म्हणतोस तर सोडतो. पण मग पुढची जबाबदारी कुणाची?"

"माझी, काकी. करमदेवाच्या फांदीची शपथ."

बायकांनी वाट दिली. साहेबांची गाडी धुरळा उडवत बंगल्याकडे निघून गेली. फागूही मोटरसायकलकडे वळला, तोवर वाट मिटली होती. बायका पुन्हा खाली बसल्या, या वेळी एकमेकींना अगदी खेटून.

"आता काय राहिलं, काकी?"

एतवारीने हंडीचं झाकण काढलं, पितळेच्या थाळीत वाफाळता भात वाढला, कडेला मीठ ठेवलं आणि ती पहिली थाळी आणून फागूच्या पायाशी ठेवली.